घरच्या डीव्हीडीत काटछाट करता येते का? वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले प्रश्न वाचायला बसलो तर निम्म्याहून जास्त डीव्हीडीचेच निघाले, पिक्चरच्या डीव्हीडीचे नाही बरं का, घरच्या, म्हणजे लग्न, मुंज, बारसं, साठीशांत. शूटिंगवाल्याने प्लास्टिकच्या डबीत घालून दिलेली, वर नवरानवरीचा फोटो आणि बदामाचं डिझाइन असलेली ती डिस्क बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहे आणि आता अचानक सगळ्यांना ती काढून बघावीशी वाटतेय. छानच आहे. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, फक्त याच विषयावर बोलू.

प्रश्न: आमच्या लग्नाची 2006 सालची डीव्हीडी आहे, साधारण दोन तासांची. त्यात नणंदेचा पहिला नवरा बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्यांचा घटस्फोट होऊन खूप वर्षं झाली, आता तिचा दुसरा संसार छान चाललाय. पुढच्या महिन्यात सगळे जमणार आहेत तेव्हा टीव्हीवर लावायचीये, पण तेवढा भाग काढून. मुलाने कॉम्प्युटरवर डीव्हीडी उघडून फाइल डिलीट करून बघितली तर होतच नाही. बदल करता येतो का? (एक वाचक, सांगली)

ताई, त्याच डिस्कवर बदल करता येत नाही, पण तुम्हाला जे हवंय ते नक्की होतं. दोन्ही गोष्टी नीट सांगतो.

शूटिंगवाल्याने दिलेली डिस्क बहुतेक डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी प्लस आर असते, मधल्या गोलाजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा. तिच्या आत एक रंगाचा थर असतो आणि लेझर तो थर ठिपक्याठिपक्याने भाजत जातो, म्हणून तर त्याला बर्न करणं म्हणतात. भाजलेली भाकरी परत पीठ होत नाही तसं हे आहे. त्यात शेवटी डिस्क फायनलाइज करतात, म्हणजे आता यात आणखी काही लिहायचं नाही अशी खूण करून ती बंद करतात, ते केल्याशिवाय साध्या प्लेअरवर चालेल याची खात्री नसते. त्यामुळे तुमच्या मुलाचं काही चुकलेलं नाहीये, ती फाइल डिलीट होणारच नव्हती. डिस्कवर आरडब्ल्यू लिहिलेलं असेल तर ती पुसता येते, पण तिथेही पूर्ण पुसून परत सगळं लिहायचं, मधला तुकडा काढायचा असं नाहीच.

मग करायचं काय, तर डिस्कमधला सगळा माल कॉम्प्युटरवर उतरवायचा, तिथे कापायचा आणि नवीन कोऱ्या डिस्कवर नवीन डीव्हीडी करायची. जुनी डिस्क जशीच्या तशी राहते आणि ती राहायलाच हवी, त्याबद्दल पुढे बोलतो.

सगळ्यात आधी डिस्कची पूर्ण इमेज काढा. विंडोजवर इम्गबर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जुनं आहे पण अजून उत्तम चालतं (इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचा, नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत गेलात तर नको ती सॉफ्टवेअरं सोबत येतात). त्यात डिस्कवरून इमेज फाइल बनवायचा पर्याय आहे, तो घेतला की एक आयएसओ फाइल तयार होते, म्हणजे तुमच्या डिस्कची हुबेहूब प्रत, मेनू, गाणी, सगळ्यासकट. भरलेली डिस्क असेल तर ही फाइल चार जीबीच्या वर जाते. आणि इथे लोक हमखास अडकतात, पेन ड्राइव्हवर टाकायला जातात आणि जागा असूनही कॉपी होत नाही, कारण पेन ड्राइव्ह फॅट 32 मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आधी त्यातलं बाकीचं काढून ठेवा) की झालं. लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो, तोच पुढे बर्न करायलाही लागेल.

आता ती आयएसओ विंडोज 10 किंवा 11 मध्ये डबल क्लिक करून उघडली की आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर दिसेल. त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. आयएफओ म्हणजे अनुक्रमणिका, कुठला भाग कुठे सुरू होतो, मेनूतलं बटण दाबलं की कुठे जायचं, ते सगळं त्यात. बीयूपी म्हणजे त्याच अनुक्रमणिकेची जादा प्रत. आणि व्हॉब म्हणजे खरा माल, चित्र आणि आवाज.

मुलाच्या डोक्यात आता येईल की ज्या व्हॉबमध्ये तो भाग आहे ती एक फाइल काढून टाकू, बाकीचं बर्न करू, काम झालं! तसं करू नका. व्हॉब फाइली प्रसंगानुसार तोडलेल्या नसतात, एक जीबी झालं की पुढची फाइल सुरू, एवढाच नियम. दोन तासांच्या डिस्कवर एका फाइलमध्ये साधारण 25-30 मिनिटं येतात. म्हणजे एक फाइल काढली तर सीमांतपूजनाचा शेवट, अख्खा अंतरपाट आणि अर्धी सप्तपदी एकदम जाईल. शिवाय आयएफओमध्ये पत्ते जुनेच राहतात, त्यामुळे प्लेअर त्या जागी जाऊन शोधत बसतो आणि अडकतो.

कापायला ॲव्हिडेमक्स वापरा, तेही फुकट आहे. व्हॉब फाइली आयएसओतून आधी कॉम्प्युटरवरच्या एका साध्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. नावात शेवटी शून्य असलेली व्हॉब मेनूची असते ती सोडा, शेवटी एक असलेली उघडा, पुढच्या फाइली जोडू का असं ते स्वतःच विचारतं, हो म्हणा. मग डाव्या बाजूला व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे कॉपी हाच पर्याय ठेवायचा आणि आउटपुटला एमपीईजी-पीएस निवडायचं. हा कॉपी शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॉपी म्हणजे चित्र परत दाबायचं (कॉम्प्रेस करायचं) नाही, आहे तसं उचलायचं. डीव्हीडीतलं चित्र आधीच एकदा दाबून बसवलेलं असतं, ते परत दाबलं की चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, शालूची जर एकसलग पिवळा डाग दिसायला लागते, आणि गेलेलं ते परत येत नाही.

कॉपी ठेवली की एक बंधन मात्र येतं. डीव्हीडीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. एक पूर्ण चित्र असतं आणि त्यानंतरच्या दहा-बारा चित्रांमध्ये फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं, मग परत एक पूर्ण चित्र. आपल्याकडे सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र येतं, आणि कात्री तिथेच लावायची, अधेमधे लावली की कापलेल्या जागी चौकोन चौकोन दिसतात. ॲव्हिडेमक्समध्ये कीबोर्डवरचा वरचा-खालचा बाण दाबला की तुम्ही थेट पूर्ण चित्रांवरूनच उड्या मारता, खाली फ्रेम टाइपसमोर आय असं अक्षर दिसतं. सुरुवातीला ए खूण, शेवटाला बी खूण, डिलीटचं बटण. बास.

यात घाई करू नका, कारण लग्नाच्या डीव्हीडीत दोन गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे ते इफेक्ट, पान उलटतंय, बदाम उडतोय, नवरी फुलातून बाहेर येतेय. त्याच्या मधोमध कापलं तर काढलेला माणूस अर्ध्या बदामात तसाच लटकत राहतो, म्हणून इफेक्ट पूर्ण संपला की मगच पुढची खूण करा. दुसरं, वर गाणं लावलेलं असतं आणि चित्र कापलं की गाणंही त्या जागी उडी मारतं. जमेल तिथे गाणं बदलतं त्याच ठिकाणी कापा, मग कोणाच्या लक्षातही येत नाही, त्यासाठी मिनिटभर जास्त गेलं तरी चालेल.

आणि ताई, एक माझं मत. ते गृहस्थ ठळक दिसतात, कॅमेरा त्यांच्यावर थांबतो, जोडीने आहेर देताना वगैरे, तेवढंच काढा. ग्रुपमध्ये मागे उभे असतील तर राहू द्या. तोंड ब्लर करायला तर मुळीच जाऊ नका, त्याने उलट सगळ्यांची नजर तिथेच जाते. आणि कापायच्या आधी नणंदबाईंना एकदा विचारा. करवली म्हणून त्या नटूनथटून मिरवतायत आणि शेजारी ते आहेत, असे सीन तुम्ही त्यांच्यासाठी म्हणून काढाल आणि त्यांना मात्र स्वतःचं ते रूप बघायचं असेल. त्या काय म्हणतील ते आपण ठरवू नये.

कापून झालं की मेनू आणि चॅप्टर परत करावे लागतात, जुना मेनू या नव्या फाइलला लागू होत नाही. डीव्हीडीस्टायलर नावाचं सॉफ्टवेअर घ्या, प्रोजेक्ट पालचा (पाल म्हणजे भारतातल्या डीव्हीडीची पद्धत) ठेवा, फाइल आत ओढून टाका, तिच्या प्रॉपर्टीमध्ये व्हिडिओसमोर कॉपी लिहिलेलं आहे ना तेवढं बघा, मग पाच-सहा चॅप्टर टाका, हळद, सीमांतपूजन, अंतरपाट, सप्तपदी, पंगत, पाठवणी. मेनू साधा ठेवा, मोठी अक्षरं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रिमोटने सापडली पाहिजेत. त्यातूनच आयएसओ काढा, कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये पूर्ण लावून बघा, मगच बर्न करा, बर्न करताना स्पीड सगळ्यात वरचा नको, 4 एक्स किंवा 8 एक्स पुरे, आणि व्हेरिफायची (लिहिलेलं नीट वाचता येतं का ते तपासायची) टिक राहू द्या.

आता जुन्या डिस्कचं. ती टाकू नका, तिची आयएसओ दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. हे मी घरचा अनुभव म्हणून सांगतोय. माझ्या वडिलांच्या साठीशांतीची डीव्हीडी होती, मी तिच्यातून कंटाळवाणं वाटलं ते सगळं काढलं होतं, त्यात पंगतीची अकरा मिनिटं होती, कॅमेरा नुसता पानांवरून फिरतोय, कोण जेवतंय ते. छान तासाभराची आटोपशीर डिस्क झाली आणि मूळ डिस्क घर बदलताना गेली. दोन वर्षांनी काका गेले. नंतर आई एकदा म्हणाली, अरे त्या पंगतीत त्यांचा आवाज होता ना, तूप घेऊन फिरत होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, लाजू नका, अजून एक धार घ्या. होता. त्या अकरा मिनिटांतच होता. दुसरीकडे कुठेच नाही, बाकीच्या डिस्कमध्ये ते सगळीकडे फोटोला उभे राहिल्यासारखे गप्प आहेत.

म्हणून कापा, हवं तेवढं कापा, पण कापलेली प्रत ही पाहुण्यांसाठी. मूळची तशीच कपाटात.

प्रश्न: नातवाच्या बारशाची डीव्हीडी आहे, फक्त 40 मिनिटांची. अर्ध्याहून जास्त रिकामी दिसते. उरलेल्या जागेत त्याच्या पहिल्या वाढदिवसाचं मोबाइलवरचं शूटिंग टाकता येईल का? (एक आजोबा, नाशिक)

आजोबा, रिकामी दिसते म्हणजे तुम्ही डिस्क उलटी करून उजेडात धरली असणार! बरोबर ओळखलंत, भाजलेला भाग जरा वेगळ्या छटेचा दिसतो आणि आतून बाहेर लिहीत जातात म्हणून बाहेरची कड कोरी राहते. पण डिस्क फायनलाइज झालेली असेल तर ती कोरी कड आता उपयोगाची नाही. आणि झालेली नसली आणि जबरदस्तीने दुसऱ्या सेशनमध्ये लिहिलं तरी टीव्हीजवळचा प्लेअर पहिलंच दाखवत राहील.

तेव्हा वर सांगितलंय तसंच, बारशाचं उतरवून घ्यायचं आणि दोन्ही मिळून नवीन डिस्क करायची. साध्या डिस्कवर 4.7 जीबी जागा असते, त्यात दोन तास चांगल्यापैकी बसतात, तीन तास कोंबले तर चित्र उतरतं. फक्त दोन्ही तुकडे एकाला एक शिवू नका, मोबाइलचं शूटिंग वेगळ्या मापाचं आणि वेगळ्या स्पीडचं असतं, ते मेनूत दुसरं बटण म्हणून वेगळं ठेवा. डीव्हीडीस्टायलर मोबाइलचं तेवढं बदलून घेतो आणि बारशाला हात लावत नाही. उभं धरून काढलेलं असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार, ते येऊ द्या, ताणून भरलंत तर नातू आडवा पसरेल.

प्रश्न: मुंजीची डीव्हीडी 40-45 मिनिटांपर्यंत चालते मग अडकते, टीव्हीवर चौकोन येतात. दुकानात दिली तर म्हणाले खराब झाली, टाकून द्या. डिस्कवर बुरशीसारखे डागही आहेत. (एक वाचक, रत्नागिरी)

टाकून तर अजिबात देऊ नका आणि पहिलं म्हणजे ती सारखी सारखी लावून बघणं बंद करा.

कोकणातला पावसाळा, बंद कपाट, दमट हवा, डाग येणारच. पण डीव्हीडीची रचना आपल्या बाजूने आहे. ती 1.2 मिलिमीटर जाडीची असते आणि लिहिलेला थर मधोमध असतो, दोन्हीकडून 0.6 मिलिमीटरचं प्लास्टिक. सीडीत तो थर लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून सीडीला वरून ओरखडा गेला की संपलंच. तुमच्या डिस्कवरची बुरशी बहुधा नुसती वरवर आहे. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा उठला तर तो लेझरच्या वाटेवरच लांबच्या लांब पडून राहतो. टूथपेस्ट नको, थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच, प्लास्टिक पांढरं पडतं. पूर्ण वाळू द्या.

मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, तिसऱ्यात बघा. मी गंमत म्हणून सांगत नाही, एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा सहज वाचतो असं कितीतरी वेळा होतं. सुरुवातीला नीट चालते आणि 40 मिनिटांनी अडकते, म्हणजे आतला भाग चांगला आहे आणि त्रास बाहेरच्या बाजूला कुठेतरी आहे.

तरीही अडकली तर ओळखीत लिनक्स येणारं कोणी गाठा आणि डीडीरेस्क्यू चालवा. ते आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि खराब जागा नोंदवून ठेवतं, मग त्या जागांवर परत परत प्रयत्न करतं, रात्रभर लागू शकतं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की ती नोंद फाइलमध्ये राहते, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेल्या जागा वाचायला लावता येतं, दोन ड्राइव्ह मिळून एक डिस्क पूर्ण करतात. शेवटी थोड्या जागा नाहीच आल्या तरी घाबरू नका, वर सांगितलं ना दर अर्ध्या सेकंदाला पूर्ण चित्र येतं, तिथे चित्र सावरतं. मातृभोजनात एक झटका दिसेल, बास. आयएसओ हातात आली की ती डिस्क प्लेअरमध्ये घालायचं कारणच उरत नाही.

हो, आणि नवीन डिस्कवर नाव लिहायला बॉलपेन नको, स्टिकर नको (स्टिकर निघायला लागला की डिस्क फिरताना थरथरते), मऊ टोकाचं डिस्कसाठीचं मार्कर घ्या आणि डबी उभी ठेवा, उन्हात नको.

प्रश्न: पुण्याहून आईने माझ्या डोहाळजेवणाची आणि भावाच्या लग्नाची डीव्हीडी पाठवली होती. इथल्या प्लेअरवर चालत नाही, लॅपटॉपवर चालते. रीजन लॉक आहे का? भाच्याने एमपी4 करून दिलं तर हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात आणि सगळे जाडे दिसतात. (एक वाचक, न्यू जर्सी)

रीजन लॉक नाही, तो (डिस्क ठराविक देशांतल्या प्लेअरवरच चालावी म्हणून घातलेलं कुलूप) विकतच्या पिक्चरच्या डिस्कला असतो, घरच्याला नाही. हा पाल आणि एनटीएससीचा प्रश्न आहे. भारतातली डिस्क पालची, 576 रेघा आणि सेकंदाला 25 चित्रं, अमेरिकेतली एनटीएससी, 480 रेघा आणि जवळपास 30. तिकडच्या बऱ्याच प्लेअरना पाल कळत नाही, लॅपटॉपला दोन्ही कळतं.

एनटीएससीची डीव्हीडी बनवत बसू नका, रेघाही जातात आणि हालचालही बिघडते. तुमच्यासाठी एमपी4 च बरोबर, फक्त भाच्याला परत करायला सांगा, आयएसओवरूनच, त्याने केलेल्या एमपी4 वरून नाही. कंगवा दिसतो कारण त्या काळचे कॅमेरे एक चित्र दोन हप्त्यांत घ्यायचे, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या, आणि मधल्या वेळात हात हललेला असतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस म्हणून पर्याय आहे, त्यात यादिफ निवडून बॉब करायला सांगा आणि फ्रेम रेट 50 ठेवा, मग कॅमेऱ्याने जितकी हालचाल पकडली होती तितकी सगळी येते, फुगडी खेळताना तर फरक लगेच कळतो. क्वालिटीचा आकडा 18 ते 20, लहान आकडा म्हणजे जास्त चांगलं चित्र. आकार वाढवून एचडी करू नका, नसलेला तपशील येत नाही, फाइल उगाच फुगते. आणि जाडे दिसतात कारण जुनं चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर ताणलं गेलंय, 4:3 राहू द्या, दोन्हीकडे काळं दिसलं तरी वहिनी वहिनीसारखी दिसेल.

प्रश्न: माझ्या आई-बाबांच्या लग्नात आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली होती. नंतर कॅसेटवरून डीव्हीडी करून घेतली, पण शूटिंगवाल्याने नेमकं तिथे सिनेमाचं गाणं टाकलंय, आत्याचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज गाण्याचा. मूळ आवाज परत मिळवता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे घराघरात झालंय. मिक्सिंग करताना भटजींचा आवाज, बँड, पोरांचा गोंधळ, सगळं बंद करून वर गाणं टाकायचं, म्हणजे काम चकाचक दिसतं, अशी तेव्हाची पद्धतच होती.

आधी दोन मिनिटांची तपासणी करा. डिस्क व्हीएलसीमध्ये लावा, ऑडिओच्या मेनूत दुसरा ट्रॅक आहे का बघा, मग स्टिरिओ मोडमध्ये जाऊन फक्त डावा आणि मग फक्त उजवा असं हेडफोन लावून ऐका. कधीकधी कॅमेऱ्याचा आवाज एका बाजूला राहून गेलेला असतो. तसा असेल तर तीच बाजू दोन्हीकडे करून घेता येते आणि काम फत्ते.

गाण्याच्या खाली आवाज हळू ऐकू येत असेल तर डेमक्ससारखी सॉफ्टवेअरं आहेत, ती गळा आणि वाद्यं वेगळी करतात. वर नुसती सनई असेल तर आत्याचा आवाज बऱ्यापैकी सुटा होऊ शकतो. पण वर गायलेलं गाणं असेल तर त्याला दोन गळे वेगळे करणं अवघड जातं. आणि खालचा आवाज पूर्णच काढून टाकलेला असेल तर डिस्कमधून तो कोणीही आणू शकत नाही, तसं सांगून पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका.

मग मूळ कॅसेट शोधा. तुम्ही डीव्हीडी केली ती कॅसेट आधीच मिक्सिंग झालेली होती की कॅमेऱ्यातली मूळ होती हे घरच्यांना विचारा. बरेच शूटिंगवाले मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवायचे आणि बरेचदा त्यावरच पुढच्या लग्नाचं शूटिंग करायचे, त्यामुळे आशा थोडी आहे, पण फोन एक करायचाच, दुकान बंद झालं असेल तर त्या माणसाच्या घरी. शिवाय लग्नाला आलेल्या कोणी टेपरेकॉर्डर आणला होता का तेही विचारा. मंगलाष्टकं खास रचलेली असली की कोणीतरी ऑडिओ कॅसेटवर भरून घेतलेली असतात, आमच्याकडे दोन लग्नांची अशी सापडली, एक तर भजनाच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला.

काहीच नाही मिळालं तर तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की आत्या आता 78 वर्षांच्या आहेत आणि मंगलाष्टकं त्यांना अजून पाठ आहेत. मग वाट कसली बघताय. पंखा बंद करा, खिडक्या लावा, मोबाइल त्यांच्यापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा आणि म्हणायला सांगा. त्याआधी त्यांना डिस्कमधला तो भाग दोन-तीनदा दाखवा, स्वतःचे ओठ बघून त्यांना तेव्हाची लय आठवेल. डीव्हीडीत एका चित्रासोबत आठ ट्रॅकपर्यंत आवाज ठेवता येतात. पहिला ट्रॅक आहे तसाच ठेवा. त्यांचा आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घेऊन चित्राच्या सुरुवातीपासून मोजून नेमक्या जागेवर बसवा, बाकी ठिकाणी जुनाच आवाज चालू द्या आणि ती पूर्ण लांबीची फाइल डीव्हीडीस्टायलरमध्ये दुसरा ट्रॅक म्हणून जोडा, चित्राला कॉपीच ठेवायचं. अंतरपाट आला की रिमोटवरचं ऑडिओचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे गाणं जाऊन आत्या ऐकू येतील.